गळ्याइतकं पाणी

आबांनी पुन्हा मीठ खाल्लं होतं.

शिरोलीच्या फाउंड्रीत प्रणोती पोवार भट्टीच्या तापमानाचा आलेख बघत उभी होती. तेवढ्यात खिशातला मोबाईल थरथरला आणि त्यातली बाई नेहमीच्या शुद्ध, थंड मराठीत म्हणाली, ‘‘आपल्या रुग्णाच्या हृदयावरील भार वाढला होता. मिठाचे अधिक सेवन झाले असण्याची शक्यता आहे.’’ शेजारचा फोरमन गालातल्या गालात हसला. त्याच्या सासऱ्यांच्या छातीतही तेच यंत्र होतं, आणि मागच्या लग्नसराईत सासरे पंगतीतून उठायच्या आतच या बाईनं जावयाकडं चुगली केली होती. पूर्वी घरोघरी मातीच्या चुली असत, आता घरोघरी ही बाई होती.

प्रणोतीला मात्र हसू आलं नाही. तिनं वडिलांना, आबांना, फोन लावला. तो लागला नाही, तशी तिनं लगेच पुन्हा लावला.

यंत्राचं नाव ‘समतोल’. तांदळाच्या दाण्याएवढा, मोबाईलला आकडे पाठवणारा एक संवेदक हृदयाच्या वरच्या कप्प्यात, आणि गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून लहान अशी औषधाची डबी. हृदय म्हणजे पंप, हे शाळेत सगळेच शिकतात. पण हा पंप एक ग्रंथीही आहे, हे वैद्यकाला कळायला विसावं शतक सरत यावं लागलं. शरीरात मीठ वाढलं की ते पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंती ताणल्या जातात. त्या ताणल्या की तिथल्या पेशी एक संप्रेरक रक्तात सोडतात. ते मूत्रपिंडांना सांगतं, मीठ बाहेर टाका. मिठामागून पाणी जातं, रक्तवाहिन्या सैलावतात, तहान मंदावते, खारट खायची वासनाही मंदावते. घरात पाहुणे फार झाले की यजमानानं स्वतःच दार उघडून उभं राहावं, तसा हा प्रकार.

आजारी हृदयही हे संप्रेरक सोडतं, चांगलं भरपूर सोडतं, पण त्याचा हुकूम कुणी मानेनासं होतं. मीठ धरून ठेवणारी दुसरी संप्रेरकं वरचढ होतात, पाय सुजतात, फुप्फुसात पाणी साठतं. समतोल भिंतींवरचा ताण मोजायचं आणि ताण वाढला की त्याच संप्रेरकाची प्रयोगशाळेत घडवलेली टिकाऊ आवृत्ती थेंबाथेंबानं रक्तात सोडायचं. वर घरातल्या एका माणसाला कळवायचं. त्या माणसाला कंपनीनं नाव दिलं होतं ‘साथीदार’. प्रणोतीच्या कसबा बावड्यात लोक त्याला पोलीस म्हणत.

हिंदुराव पोवारांची पोलीस म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. आई प्रणोतीच्या कॉलेजच्या दिवसांतच गेली होती. लग्न प्रणोतीनं केलं नव्हतं, आणि त्यावर बोलायची बावड्यात कुणाची छाती नव्हती. आबा शाळेत कवायतीचे मास्तर होते, पण त्यांची खरी नोकरी उन्हाळ्याची. ऊसमळ्यातल्या घोडविहिरीत, जिच्या पायऱ्या घोडा उतरेल इतक्या रुंद होत्या, त्यांनी पोरांच्या पाठीला वाळका भोपळा बांधून निम्म्या बावड्याला पोहायला शिकवलं. शिकायची राहिली ती घरचीच पोरगी. आईला पाण्याची भीती होती, तिनं प्रणोतीला कधी विहिरीकडं फिरकू दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच विहिरीच्या पायऱ्या चढताना आबांना झटका आला. हृदयाचा बराच भाग निकामी झाला. दवाखान्यातून घरी येताच प्रणोतीनं त्यांचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता.

‘‘माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगा, पाण्यात पाय घालणार नाही.’’

आबांनी सांगितलं. मग समतोल बसवलं, सूज उतरली, आबा पुन्हा गल्लीत हिंडू लागले. आणि गेल्या दोन महिन्यांपासून हे मिठाचं सुरू झालं.

संध्याकाळी प्रणोती घरात शिरली ती चपला न काढताच.

‘‘आबा, काय खाल्लं आज?’’

‘‘तू ठेवलेलं. भाकरी आणि दोडक्याची भाजी. भाजीत मीठ होतं का न्हाई ते तुलाच ठाऊक.’’

‘‘खोटं बोलू नका. आकडा माझ्याजवळ आहे.’’

‘‘मग आकड्यालाच इचार की, मला कशाला इचारतीस?’’

फाउंड्रीत बारा वर्षं काढलेल्या बाईला हे उत्तर झोंबणारच. ओतकामात भोक राहिलं तर साच्याच्या वाळूत कुठं तरी ओल होती, हे तिला डोळे मिटून कळे. काटा वर गेला की कारण शोधायचं आणि काढून टाकायचं, बस. तिनं त्याच रात्री फडताळ रिकामं केलं. लोणच्याच्या बरण्या, पापड, सांडगे, खर्डा, सुकटीचा डबा, सगळं गेलं. कांद्याबरोबर खायचं जाडं मीठसुद्धा तिनं कुलपात ठेवलं. आबा पलंगावर बसून बघत होते. नवल म्हणजे त्यांनी सुकटीसाठीही तोंडातून चकार शब्द काढला नाही.

तरी निरोप येतच राहिला. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच वेळा, साधारण उन्हं वर आल्यावर. अधूनमधून यंत्राशी संपर्कही तुटे. बावड्यात रेंजचं रडगाणं जुनंच म्हणून प्रणोतीनं तिकडं काणाडोळा केला. घरात मीठ नाही, म्हणजे ते बाहेरून येतंय. बाहेर म्हणजे कुठं? आबा रोज सकाळी चहाला कुणाकडं जातात? भिंतीपलीकडं, मालूकाकीकडं. आणि मालूकाकीच्या गच्चीवर वर्षाचे बारा महिने काही ना काही खारवलेलं वाळत असतं.

‘‘काकी, तुम्ही आबांना लोणचं देता का?’’

मालूकाकी जात्याच फटकळ. पण त्या दिवशी त्यांनी नुसतं पाहिलं. ‘‘कोण म्हणतंय?’’

‘‘माझ्याकडं पुरावा आहे. तुम्हाला वाटत असेल म्हाताऱ्याचे लाड करतोय. तुम्ही त्यांना मारताय, काकी.’’

आबा मागं दारात उभे होते. प्रणोती वळून म्हणाली, ‘‘खरं ना? सांगा की आता!’’

आबांनी खाली बघितलं. ‘‘खाल्लं असंल थोडं,’’ ते म्हणाले.

मालूकाकींनी पदर खांद्यावर ओढला आणि दार लावून घेतलं. लहानपणी ज्या घरात प्रणोती जेवून झोपायची, त्या घराचं दार तिच्या तोंडावर बंद झालं, आणि तिला मात्र वाटलं की बरं झालं, एकदाची ओल सापडली.

दोनच दिवसांनी मोबाईल पुन्हा थरथरला. प्रणोती संतापानं थरथरत होती, त्यामुळं कोण जास्त थरथरतंय हे सांगणं कठीण होतं. बाई म्हणाली, ‘‘भार वारंवार वाढत आहे. संप्रेरकाचे प्रमाण वाढवायचे का?’’ खाली दोन चौकोन होते. प्रणोतीनं ‘होय’वर बोट ठेवलं. त्या क्षणी तिला आपण बापाला वाचवतोय याची शंभर टक्के खात्री होती.

त्यानंतरच्या सुट्टीचा दिवस होता. आबा बाहेरून आले, पाटावर बसले. प्रणोतीनं मटणाचा रस्सा केला होता, कोल्हापूरच्या कुठल्याही स्वयंपाकघरानं लाजेनं मान खाली घालावी असा, बिनमिठाचा. आबा निमूट जेवले. पाणी पुढं केलं तर म्हणाले, ‘‘तहान न्हाई बघ. अलीकडं लागतच न्हाई.’’ हात धुवायला उठले, दोन पावलं गेले आणि मोरीच्या उंबऱ्यावर उभेच्या उभे कोसळले.

दवाखान्यात डॉ. शिरीन बागवान होत्या. त्याही आबांच्याच भोपळ्याला लोंबकळून पोहायला शिकलेल्या. त्यांनी आधी आबांना सलाईन लावलं, रक्त तपासलं, मग समतोलच्या स्मृतीतला सगळा आलेख पडद्यावर घेतला आणि प्रणोतीला बोलावलं.

‘‘रक्तातलं मीठ फार खाली गेलंय. अंगात पाणीही नाही. अजून एखादा दिवस असाच गेला असता तर फिट आली असती. कदाचित पुढचंही.’’

‘‘मीठ खाली? अहो, ते तर चोरून...’’

‘‘हे मीठ नाही, प्रणोती.’’ त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. ‘‘मीठ पोटात जाणार, रक्तात उतरणार, पाणी धरणार. तो ताण सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. हा बघ, एका दमात वर, मग सपाट, मग एका दमात खाली. आणि दर वेळी वर चढतो त्याच क्षणी मोबाईलचा संपर्क तुटलाय. खाली आला की पुन्हा जोडलाय.’’

‘‘ती रेंज जातेय.’’

‘‘रेंज दर वेळी आबांच्याच काळजाबरोबर जाते?’’

प्रणोती पडद्याजवळ सरकली. आलेख वाचणं हा तिचा धंदा होता, आणि हा आलेख तिनं दोन महिने रोज पाहिला होता. उंची पाहिली होती, आकार पाहिलाच नव्हता.

‘‘यंत्राच्या लहरी पाण्यातून जात नाहीत,’’ डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. ‘‘गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिलं की पाणी पायांना, पोटाला चहूबाजूंनी दाबतं. तिथलं रक्त वर छातीत ढकललं जातं आणि हृदयाच्या भिंती ताणल्या जातात. शरीरात मिठाचा कण वाढलेला नसतो, पाण्याचा थेंब वाढलेला नसतो, पण हृदयाला वाटतं, फार झालं, बाहेर काढा. कुणाचंही हृदय असंच फसतं, तुझं-माझंसुद्धा. आबांचं हृदय फसलं, यंत्रानं हृदयावर विश्वास ठेवला आणि मिठाला बाहेरची वाट दाखवत राहिलं. इकडं ताटातलं मीठ बंद. तहान मेलेली. त्यात प्रमाणही वाढवलेलं.’’

‘‘मीच वाढवलं,’’ प्रणोती म्हणाली.

ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. आपण आपल्या हातानं बापाला वाळवत होतो. सुकट वाळवतात तसं, फक्त मिठाशिवाय. हे मनात आलं आणि तिला रडू कोसळलं. आबांच्या डोक्यावर चार केस असते तर ओल्या केसांवरून सगळं प्रकरण केव्हाच उघडकीला आलं असतं. पण त्यांना तुळतुळीत टक्कल होतं, आणि विहिरीपासून घरापर्यंतचं ऊन टक्कल वाळवायला पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी आबा उशीला टेकून बसले होते. हातात सलाईनची सुई होती. प्रणोती आत आली तेव्हा त्यांनी बाटलीकडं बोट दाखवलं. ‘‘मिठाचंच पाणी हाय म्हणं ह्यात. तू घरात बंद केलंस, हितं पैसे देऊन भरायलेत.’’

‘‘आबा, शपथ घातली होती मी.’’

‘‘व्हय.’’

‘‘माझ्या डोक्यावर हात ठेवला होता तुम्ही.’’

‘‘म्हणून तर बोललो न्हाई. शपथ मोडली की ज्याच्या डोक्यावर हात ठेवलाय त्याला लागती, म्हणतात. मी काय खुळा न्हाई असल्यावर इश्वास ठेवायला. पण दर वेळी पाण्यात उतरताना तुझं तोंड डोळ्यापुढं यायचं.’’

‘‘तरी उतरलात.’’

‘‘तरी उतरलो.’’

‘‘का पण?’’

आबांनी सुईचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, ‘‘घरात तू जपतीस. गल्लीत समदी जपत्यात. छातीत ते यंत्र जपतंय. पाणी कुणाला जपत न्हाई बघ. त्यात गेलं की मी हिंदुराव पोवार असतोय. भाईर आलं की पेशंट.’’

 प्रणोतीला राग येत होता, आणि राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

‘‘आणि मालूकाकी? मी त्यांना नको ते बोलले आणि तुम्ही खाली बघून हो म्हणालात.’’

‘‘ते मात्र लई वाईट झालं,’’ आबा म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी प्रणोतीनं मालूकाकींचं दार वाजवलं. आधी पाया पडली, मग बोलली. मालूकाकी पाटावर बसून वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, ‘‘मला ठाऊक हुतं की. त्येचा टॉवेल माझ्याच गच्चीवर वाळत असायचा.’’

‘‘मग त्या दिवशी बोलला का नाही?’’

‘‘लोणचं दिलं म्हटलीस, त्यात माझं काय गेलं? पाण्याचं सांगितलं असतं तर त्येचं पाणी गेलं असतं.’’ मग त्यांनी वर बघितलं. ‘‘पण मराय टेकंल असं वाटलं न्हाई गं मला. माझं बी चुकलं.’’ प्रणोतीही शेजारी बसून कुरडया भरू लागली.

आबा घरी येताना डॉक्टरांनी समतोलमधली एक सोय दाखवली. तिचं नाव ‘विराम’. विराम दिला की तेवढा वेळ ताण कितीही वाढो, यंत्र संप्रेरक सोडत नाही. म्हणजे पाण्यानं त्याला फसवायचं कारण नाही. पण त्याच वेळात खरोखरच काही बिघडलं तर यंत्र हातावर हात ठेवून बसणार, आणि पाण्याखालून निरोपही येणार नाही.

‘‘मी हे लिहून देणार नाही,’’ डॉ. बागवान म्हणाल्या. ‘‘दुबळ्या हृदयाला गळ्याइतकं पाणी हा बोजाच आहे. छातीच्या वर नाही, सूर मारणं नाही, थोडाच वेळ, आणि एकटं कधीच नाही. एवढं पाळूनही मी हमी देत नाही. नको म्हणशील तर माझ्या मते तेही बरोबरच आहे. चावी साथीदाराच्या हातात आहे.’’

पुढचे दिवस प्रणोतीनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. भट्टीपुढं उभी असली तरी लक्ष मोबाईलवर. मोबाईल गप्प होता. आबा घरी बसून होते, मोजून मीठ खात होते, मोजून पाणी पीत होते आणि आलेख टेबलासारखा सपाट होता. इतका सुंदर आलेख तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. आबा मात्र टीव्ही लावत आणि त्याच्याकडं बघत नसत. कुणी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ देत. हळूहळू तेही कमी झालं. एका सकाळी ती चहा घेऊन गेली तर ते भिंतीकडं तोंड करून पडले होते, जागेच होते, आणि मोबाईल सांगत होता की सर्व काही उत्तम आहे.

‘‘उठा,’’ प्रणोती म्हणाली. ‘‘टॉवेल घ्या. शपथ सुटली.’’

आबा इतक्या चटकन उठले की तिला पुन्हा भीती वाटली.

घोडविहिरीवर माणूस नव्हतं. भोवती उभा ऊस होता. प्रणोतीनं विरामवर बोट ठेवलं. आबा पायऱ्या उतरले, छातीइतक्या पाण्यात गेले, आणि मोबाईलवर अक्षरं उमटली, ‘संपर्क नाही’. ती वरच्या पायरीवर बसली. उठली. पुन्हा बसली.

‘‘तितं बसून काय करणार हाईस?’’ आबांनी विचारलं. ‘‘मी बुडलो तर वरनं बघणार? ये खाली. पायरी हाय पायाखाली, कठडा धर.’’

 चाळिशीला टेकलेली प्रणोती पोवार मोबाईल पायरीवर ठेवून अंगावरच्या कपड्यानिशी पाण्यात उतरली. आबांच्या छातीला पाणी होतं तिथं ते तिच्या गळ्याला लागलं. गार पाणी. बरगड्यांवर सगळीकडून दाब. श्वास घ्यायला जरा जोर लावावा लागत होता. आबांनी तिचा हात धरला नाही, नुसते शेजारी उभे राहिले, आणि दोन-चार हात मारून परत आले. त्यांचा चेहरा तिनं कित्येक महिन्यांत असा पाहिला नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिची चुळबुळ सुरू झाली.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही.’’

‘‘काय झालं म्हणतोय मी!’’

‘‘आबा, मला... जायचंय.’’

आबा खो खो हसत सुटले. विहीर दुमदुमली. ‘‘फसलं! तुझं बी काळीज फसलं! शिरीन म्हणतच होती. मिठाचा खडा न्हाई पोटात, आणि पळ आता!’’

प्रणोती पायऱ्यांवर पोचली आणि थबकली. एकटं कधीच नाही. ‘‘तुम्ही आधी वर या.’’

‘‘आता तर अंग मोकळं व्हायलंय. तू जा की. मी हाळी देत ऱ्हातो. पोरं शिकवताना माझी पाठ असली की मी ओरडायला लावायचो त्यास्नी. जोवर ऐकू येतंय तोवर काळजी न्हाई. ‘हाय’ म्हणीन.’’

‘‘आबा...’’

‘‘पळ! न्हाईतर हितंच व्हायचं!’’

ती पळाली. उसाच्या आडोशाला बसली. मोबाईल हातात होता आणि त्यावर एकही आकडा नव्हता. विहिरीतून आबांचा आवाज आला, ‘‘हाय!’’ दगडी भिंतींवर आपटून वर आलेला, भरदार, कवायतीच्या मैदानावरचा आवाज. पुन्हा, ‘‘हाय!’’ पुन्हा, ‘‘हाय गं, हाय!’’ तिचं अंग सैल पडलं.

मग आवाज आला नाही.

तिनं वाट पाहिली. उसाची पाती सळसळत होती. आता येईल, म्हणून ती थांबली, आणि आला नाही.  ती उठली, सलवारची नाडी एका हातात गच्च धरली, आणि तशीच, अनवाणी, उसातून ओरडत धावत सुटली, ‘‘आबा! आबा!’’

‘‘हाय!’’ आवाज आला. ‘‘मेलो न्हाई अजून! तोंडात पाणी गेलंतं!’’

प्रणोती विहिरीच्या कठड्याला टेकून खाली बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि खाली छातीइतक्या पाण्यात तिचा बाप टक्कल चमकवत उभा होता.

‘‘आबा,’’ ती धापा टाकत म्हणाली, ‘‘उद्या मी घरून जाऊन येणार.’’